जुनी रेसिंग कॅटामरान म्हणजे पांढरा हत्तीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वीस वर्षांची रेसिंग कॅटामरान (दोन लांब अंगांची, म्हणजे हलची, शिडाची बोट) घ्या असं सुचवणं म्हणजे लोकांच्या गळ्यात पांढरा हत्ती मारणं, अपग्रेडवर घातलेला पैसा विकताना परत येत नाही, आणि एवढं करूनही बोट नव्या बोटींच्या मागेच राहते. पैशाचा मुद्दा पूर्ण मान्य. परत मिळतील या आशेने ज्याला खर्च करायचाय, त्याने तो करूच नये. बाकी दोन मुद्द्यांवर मात्र आपलं जमणार नाही, कारण तुम्ही बोटीचं वय मोजताय आणि मी तिचा ताठपणा बघा म्हणतोय.

तो बघायला उपकरण लागत नाही. बोट सपाट जमिनीवर ठेवा, एका हलचं पुढचं टोक दोन्ही हातांनी उचला आणि नजर दुसऱ्या हलच्या टोकावर ठेवा. तेही जवळजवळ लगेच उठलं तर सांगाडा घट्ट आहे. तुमच्या हातातलं टोक चांगलं वीतभर वर आलं तरी पलीकडचं जमिनीलाच चिकटून असेल, तर बीम (दोन हल जोडणारा आडवा दांडा) आणि हलचा जोड सैल झालाय. फोरस्टेचा (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेचा) ताण ब्रायडलच्या, म्हणजे खाली फाटे होऊन दोन्ही हलकडे जाणाऱ्या, तारांमधून दोन्ही टोकांवर येतो. टोकं आपापल्या मर्जीने हलली की फोरस्टे ढिला पडतो, जिबची (पुढच्या लहान शिडाची) पुढची कड वाऱ्याच्या बाजूला सरळ राहत नाही आणि बोट वाऱ्याच्या जवळ चढत नाही. अशा बोटीवर कोरं शीड चढवून काय होणार? दोष नेमका कुठे आहे तेही कळत नाही, कारण बीमच्या बोल्टांची भोकं मोठी झालीत की हलची बैठकच दबलीय, हे बोल्ट काढल्याशिवाय दिसत नाही. टोर्नेडो या जुन्या ऑलिम्पिक कॅटामरानची रुंदी ३.०५ मीटर, त्यामुळे ती नेण्या-आणण्यासाठी बऱ्याचदा सुटी करावी लागते. तिथे हे आधी तपासा.

मग हल. फोमवर फायबरचे थर दिलेले असतील तर डेकवर, आणि ट्रॅपीझवाला (डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीबाहेर झुकणारा) जिथे पाय रोवतो त्या कडेवर, अंगठ्याने जोर देऊन बघा. नाण्याने ठोकत गेलात तर धड भागात टणक आवाज येतो, थर सुटलेल्या भागात भद्द. लहानसा ठिपका दुरुस्त होतो. हातभर पट्टा असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून निघा. बोटीचं वजन केल्याशिवाय सौदा करू नका: फॉर्म्युला १८ या दोघांनी चालवायच्या क्लासमध्ये (क्लास म्हणजे एकाच नियमात बसणाऱ्या बोटींचा गट) किमान वजन १८० किलो आहे, एकट्याने चालवायच्या ए-क्लासमध्ये फक्त ७५. आत पाणी मुरून आलेले चार-पाच किलो पहिलीत सोसता येतात, दुसरीत जड जातात. ए-क्लासपुरती तुमची भीती मला पटते. तरी तिथेही फॉइलवर (पाण्याखालच्या पंखांवर) न उडणाऱ्या बोटींचा क्लासिक गट वेगळा आहे.

आता ‘मागेच राहते’. टोर्नेडो १९६० च्या दशकातली, रॉडनी मार्च यांची. १९७६ ते २००८ ऑलिम्पिकमध्ये होती. सिडनी २००० नंतर त्या क्लासनेच तिला स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं मोठं फुगीर शीड) आणि दुसरं ट्रॅपीझ दिलं. हल तोच, अंगावरचं सामान नवं. म्हणजे जुन्या आराखड्याला अपग्रेड करणं हा काही गरिबाचा जुगाड नाही.

फक्त क्रम चुकवू नका, आणि इथे लोक हटकून चुकवतात. कार्बनच्या डोलकाठीची स्वप्नं आधी पडतात, रडरची (सुकाणूची) खडखड तशीच राहते. दोन्ही रडर समांतर आहेत का, टिलर (सुकाणूचा दांडा) धरून हलवल्यावर ब्लेड किती उशिरा हलतं, हे आधी बघा. यात खर्च किरकोळ आणि फरक पहिल्याच फेरीत कळतो. नंतर तारा. स्टीलची तार टोकाच्या दाबलेल्या फिटिंगपाशी आतून तडकते आणि सूचना न देता तुटते. वय माहीत नसेल तर सरसकट बदला. मग ट्रॅम्पोलिनची (दोन हलमध्ये ताणलेल्या कापडाची) शिवण, कारण उन्हाने कापडाच्या आधी दोरा जातो. शीड त्यानंतर. स्पिनेकर सर्वांत शेवटी, कारण तो आला की डोलकाठीच्या वरच्या भागावर आणि पुढच्या टोकांवर असा भार येतो, जो मूळ बांधणाऱ्याने गृहीत धरलेला नसू शकतो. शिवाय टेक्सेल किंवा एससीएचआरएस या, वेगवेगळ्या बोटींच्या वेळांची तुलना करणाऱ्या, पद्धतींच्या हिशेबात रेटिंग बदलतं. क्लासच्या ताफ्यात धावायचं असेल तर नियम वाचल्याशिवाय एक स्क्रूही बदलू नका. हौसेने बसवलेली वस्तू तुम्हाला शर्यतीबाहेर बसवू शकते.

शेवटी तुम्ही विचारलंय, दोन फॉर्म्युला १८ समोर आल्या, एकीला नवी शिडं पण डेक मऊ, दुसरीची शिडं चिंध्या पण सांगाडा घट्ट, तर कुठली? दुसरी. फक्त डॅगरबोर्डच्या (हलमधून खाली सोडायच्या फळीच्या) खोबणीत, खालचं तोंड बंद करून, पाणी भरून ठेवा आणि ते हलमध्ये झिरपतंय का बघा. झिरपत असेल तर त्या दुरुस्तीचे पैसे भावातून कापून घ्या.