पिकअपचा गळा

आमच्या पिकअपचा आवाज बदललाय हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं, आणि मला तो आवडला. घोटाळा इथूनच सुरू झाला.

गाडी वीस वर्षांची. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि बाकी सगळं कंपनीने दिलं तसंच. इतकी वर्षं ती बोलायची कशी, तर साहेबांच्या केबिनबाहेर उभ्या कारकुनाने घसा साफ करावा, तशी. गेल्या काही महिन्यांत मात्र तिचा आवाज खर्जात उतरला होता. गाडी सुरू केली की छातीत काहीतरी हलायचं. सिग्नलला उभं असताना मी उगाचच अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून बघायचो.

"हिला सर्दी झालीय का?" बायकोने विचारलं.

"वय वाढलं की आवाजाला वजन येतं," मी म्हणालो.

"कुणाच्या?" ती म्हणाली आणि काच वर केली.

मला वाटलं, काही न करता हिचा आवाज इतका चांगला लागतोय, तर हिला रीतसर एक्झॉस्ट बसवून दिला तर काय होईल! तोवर एक्झॉस्ट म्हणजे मागून धूर सोडणारी नळी, एवढीच माझी विद्या होती. अभ्यासाला बसल्यावर कळलं, त्या धुराची फाइल इंजिनातून निघाली की आधी सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डच्या टेबलावर जाते, तिथून विषारी वायू निवळवणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरकडे, मधे ऑक्सिजन सेन्सर वास घेऊन शेरा मारतो, मग ठरावीक सूर दाबणारा रेझोनेटर, मग सायलेन्सर, आणि शेवटी टेलपाइपमधून ती निकालात निघते. एका धुराला बाहेर पडायला इतकी टेबलं! साहजिकच प्रत्येक टेबलावर काहीतरी 'अपग्रेड' करता येतं.

त्यातल्या कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. बऱ्याच देशांत तो काढणं बेकायदेशीर आहे आणि काढला तर विषारी वायू तसेच्या तसे बाहेर पडतात. शिवाय त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. आमच्या अख्ख्या घराच्या अंगावर नाहीत असले दागिने ही बया पोटाखाली घालून फिरते! पिकअप उंच, त्यामुळे चोराला जॅकसुद्धा लावावा लागत नाही, ही माहितीही वाचनात आली आणि दोन रात्री मी नीट झोपलो नाही. तर कन्व्हर्टर सोडून त्याच्या मागचं सगळं बदलायचं, याला 'कॅट-बॅक' म्हणतात. मुलीने नाव ऐकलं आणि विचारलं, "बाबा, मांजर कधी येणार?" तिची समजूत काढायला जास्त वेळ गेला.

मग नळी किती जाडीची घ्यायची हा प्रश्न आला, आणि माझे दोन मित्र कायमचे दुरावले. एक म्हणाला, "सरळ तीन इंची टाक. जितकी मोठी नळी तितकी ताकद." दुसरा म्हणाला, "वेडा आहेस का? इंजिनाला बॅक प्रेशर, म्हणजे धुराच्या वाटेत थोडा अडथळा, लागतंच. कमी झालं की गाडी बसली." दोघंही छातीठोक सांगत होते आणि दोघंही अर्धेच बरोबर होते. अडथळा कुठल्याच इंजिनाला आवडत नाही. त्याला हवा असतो वेग. एका स्फोटाचा धूर झपाट्याने निघून गेला की आपल्यामागे पुढच्यालाही ओढून नेतो. अरुंद बोळात वारा कसा सुसाट सुटतो आणि मैदानात आला की सुस्तावतो, तसंच हे. माझी मूळ नळी सव्वादोन इंची. अडीच घेतली तर आतली जागा सुमारे 23 टक्के वाढते, तीन घेतली तर 78 टक्के. पिकअपचा जीव इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच्या ओढीत असतो. तिला मैदान देऊन ती सामानासकट चढावर हाशहुश करत बसली, तर तीन इंचांचं मी काय करू? अडीचवर शिक्कामोर्तब झालं. वाकवताना चेपलेली नळी नको, आत दांडा घालून सारख्या जाडीची वाकवलेली हवी, हेही ठरलं. आता दोन्ही मित्र मला मूर्ख समजतात. त्यांच्यात निदान एवढं एकमत झालं.

धातूची निवड करताना मी फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात घालून फिरत होतो. साध्या पोलादावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेली नळी स्वस्त. त्याच्या वर 409 नंबरचं स्टेनलेस, त्याला चुंबक चिकटतो आणि वरवर तांबूस गंजही धरतो. सगळ्यात वर 304, त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, चुंबक चिकटत नाही. हे पाठ करून मी एका दुकानात ऐटीत चुंबक काढला. तो 304च्या सरळ भागावरून घसरला आणि वळणावर जेमतेम चिकटला. दुकानदाराने सांगितलं की वाकवताना ताण पडला की असं होतं. त्याचं म्हणणं खरं आहे, हे मी घरी जाऊन तपासलं. पण त्या क्षणी दुकानात उभा असलेला एकमेव माणूस जो चुंबकाकडे संशयाने बघत होता, तो मी होतो.

खरी परीक्षा आवाजाची. नळीची जाडी मोजता येते, धातू ओळखता येतो, पण आवाज आधी ऐकायचा कसा? मी रात्री पांघरुणात हेडफोन लावून शेकडो गाड्यांचे आवाज ऐकले. फोनच्या माइकमधून सगळ्याच गाड्या पोत्यात बांधलेल्या मधमाश्यांसारख्या वाटतात. वर्णनं वाचावीत तर 'खोल', 'दमदार', 'आक्रमक तरी सभ्य'. ही गाडीची लक्षणं की स्थळाची, तेच कळेना.

शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या पिकअपमधून फेरी मारायला बोलावलं. इंजिन माझ्यासारखंच, सायलेन्सर आरपार: भोकांची सरळ नळी आणि भोवती काचतंतू भरलेले. सुरू केल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. हाच, हाच तो आवाज! गावाबाहेर पडेपर्यंत मी मनातल्या मनात ऑर्डर देऊन मोकळा झालो होतो.

मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि काटा मिनिटाला 2000 फेऱ्यांवर स्थिरावला. सहा सिलिंडर म्हणजे एका फेरीत तीन स्फोट, मिनिटाला 6000, सेकंदाला 100. नेमका याच कंपनाला केबिनच्या पोकळीने सूर लावला. याला ड्रोन म्हणतात. तो कानाने ऐकायचा आवाजच नव्हे, तो दाढेत वाजतो. चष्मा नाकावरून आपोआप खाली सरकत होता. गृहस्थ उत्साहाने काहीतरी सांगत होते, मी मान हलवत होतो. एकदा ते खूप गंभीर झाले तेव्हाही मी हसून मान हलवली. नंतर कळलं, ते त्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. तासाभराने उतरलो तेव्हा पृथ्वीसुद्धा 2000 फेऱ्यांवर चालू होती.

"सवय होते," ते म्हणाले. म्हणजे मला वाटतं, तसंच म्हणाले. आणि काचतंतू हळूहळू जळून उडून जातात, तसा आवाज आणखी वाढतो, हे तर मला आधीच माहीत होतं.

घरी येऊन मी यादीत मोठे फेरफार केले. आरपार सायलेन्सर बाद. आत कप्पे असलेला घ्यायचा, त्यात ध्वनीच्या लाटा भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. पुढे एक रेझोनेटरही. 1897 साली अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून अभियंते इंजिनाला गप्प करायला झटताहेत, आणि मी मात्र त्याला बोलकं करायला निघालेलो. त्या दिवशी प्रथमच मला त्या भावांबद्दल माया वाटली.

यादी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मिस्तरींना म्हणालो, "जुना आवाज बिघडू देऊ नका. आत्ता जो आहे, त्याच्याच जातीचा, पण जरा घोटीव हवा." त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली, डोळे मिटून ऐकलं, आणि फळीवर झोपून खाली सरकले. बराच वेळ काही हालचाल नाही. मग खालून आवाज आला, "साहेब, जरा वाका."

वाकलो. मिस्तरींचा हात मनगटापर्यंत सायलेन्सरच्या आत होता.

"हा तुमचा आवाज," ते म्हणाले.

लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रोज लांब पळाली तर ते वाफ होऊन जातं. आमची धाव दूध आणि शाळेपलीकडे नसल्याने ते सायलेन्सरात साचलं आणि त्याने आतून डबा खाल्ला. पाणी गळावं म्हणून काही सायलेन्सरना सुईएवढं छिद्र ठेवलेलं असतं. आमच्यात मिस्तरी मावत होते. ज्या खर्जावर मी भाळलो होतो, तो खर्ज नव्हता, भगदाड होतं.

काम व्हायला दोन दिवस लागले. त्यातला एक गंजलेल्या बोल्टांच्या नावाने गेला. तीन नट तेल पिऊन निघाले, चौथा तुटूनच निघाला. नवी अडीच इंची नळी, 409चं पोलाद, कप्प्यांचा सायलेन्सर. गाडी सुरू केली तर पुन्हा तोच घसा साफ करणारा कारकून, फक्त बढती मिळालेला.

"जुना डबा भंगारात टाकू?" मिस्तरींनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "मागे ठेवा."

त्या संध्याकाळी बायको गाडीत बसली आणि म्हणाली, "कशी शहाण्यासारखी बोलतेय आता!" तेवढ्यात पहिला खड्डा आला आणि मागे हौद्यात जुना सायलेन्सर दणदणीत, खोल, पोकळ वाजला.

"हे काय होतं?"

मी काहीच ऐकलं नसल्यासारखं करून पुढचा खड्डा शोधू लागलो.