परिषद बंद करा म्हणे!

तिकडे महाराष्ट्रात पुन्हा तेच सुरू झालंय: विधान परिषद म्हणजे पडलेल्यांचं पुनर्वसन, खर्च वाचवा, टाळं लावा. इथे लंडनमध्ये वाचूनही डोकं तापतं. पुनर्वसन होतंच. राज्यपालनियुक्त १२ जणांची यादी २०२०मध्ये राज्यपालांकडे गेली, सात जणांचा शपथविधी २०२४च्या ऑक्टोबरात झाला. मधल्या काळात कुणाचं काही अडलं नाही. घ्या, हा मुद्दा तुमच्या पदरात.

पण अडलं का नाही? राज्यघटनेचं कलम १९७ वाचा. विधानसभेचं विधेयक परिषद तीन महिने रोखू शकते. सभेने पुन्हा मंजूर केलं की आणखी एक महिना, मग ते मंजूर झाल्याचंच धरतात. धन विधेयकाला १४ दिवस. वाद मिटवायला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची सोय फक्त दिल्लीत, संसदेत. बरं, हे चार महिने तरी वापरतंय कोण? जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ला सभेत मंजूर, ११ला परिषदेत, विरोधकांचा सभात्याग, विषय संपला. (आधी संयुक्त चिकित्सा समिती बसली होती, मान्य.)

इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातले लॉर्ड्स तर निवडूनही येत नाहीत. तरी कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, कोणत्या दुरुस्त्या घ्यायच्या ते अध्यक्ष ठरवतात, लॉर्ड्समध्ये मांडलेल्या कुठल्याही दुरुस्तीवर बोलता येतं आणि सरकारला वेळापत्रक लावून चर्चा गुंडाळता येत नाही. मग पिंगपाँग, म्हणजे विधेयकाची दोन्ही सभागृहांत टोलवाटोलवी. एकाच मुद्द्यावर दोन्ही सभागृहं दोन-दोनदा अडून बसली की विधेयकच मरतं, म्हणून दर फेरीला पर्यायी मसुदा जोडून परत पाठवतात. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला धाडायचं विधेयक एप्रिल २०२४मध्ये असंच येरझाऱ्या घालत होतं. शेवटी लॉर्ड्स नमले. १९४९च्या संसद कायद्यामुळे त्यांनाही साधारण वर्षभरापलीकडे ताणता येत नाही.

म्हणजे अधिकार लॉर्ड्सचेही तुटपुंजेच. फरक कलमवार किस काढण्याचा. परिषदेच्या नियमांत एवढंच घाला: सभेतून आलेलं विधेयक दुसऱ्याच दिवशी मताला टाकायचं नाही. बंद करणं त्याहून अवघड आहे, कलम १६९खाली सभेच्या ठरावानंतर संसदेचा कायदा लागतो. आंध्रने २०२०मध्ये ठराव केला, २०२१मध्ये मागे घेतला.

इथून शहाणपण शिकवणं सोपं, हे कळतं. भारतीय पासपोर्टवर मला इथला खासदार निवडता येतो. तिकडे यादीत नाव असलं तरी मतदान केंद्रावर स्वतः हजर व्हावं लागतं. आणि जिची एवढी कड घेतोय, त्या परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव घालायला तर तिथेच राहावं लागतं.