‘उत्क्रांती हा केवळ सिद्धांत आहे’ या दाव्याला उत्तर

जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा सुरू झाला की फोनवरून फिरणारा एक मजकूर दरवर्षी न चुकता माझ्यापर्यंत येतो; कधी पालकांकडून, तर कधी एखाद्या विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणलेला. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. डार्विनचा सिद्धांत हा केवळ सिद्धांत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही; माणूस माकडापासून झाला असेल तर माकडे अजून का आहेत; उत्क्रांती होताना कोणी पाहिलेली नाही; मधले दुवे सापडलेले नाहीत; डोळ्यासारखा अवयव योगायोगाने तयार होणे अशक्य आहे; आणि म्हणून हा विषय शाळेत शिकवू नये. हा मजकूर पुढे पाठवणारे बरेच जण तो मनापासून पाठवतात, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच त्याला मुद्द्याला धरून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘केवळ सिद्धांत’ हा आक्षेप मराठीत मांडला की तो स्वतःलाच छेद देतो. सिद्धांत या शब्दातच ‘सिद्ध’ आहे. पूर्वपक्ष तपासून, खोडून, पुराव्याच्या आधारे ज्या निष्कर्षापर्यंत आपण येतो तो सिद्धांत. अजून तपासायच्या कल्पनेसाठी आपल्याकडे गृहीतक हा वेगळा शब्द आहे. ज्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर म्हणून आपण ‘सिद्धांत’ वापरतो, तो शब्द रोजच्या बोलण्यात ‘अंदाज’ या अर्थानेही येतो, आणि हा आक्षेप मुळात त्या दुहेरी अर्थावर उभा आहे. मराठीत येताना त्याचा तो आधार मागेच राहिला. पेशीसिद्धांत किंवा अणुसिद्धांत शिकताना ‘हा केवळ सिद्धांत आहे’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सजीव काळानुसार बदलत आले आहेत, हे खडकांच्या थरांतून दिसणारे वास्तव आहे. ते का आणि कसे बदलले याचे स्पष्टीकरण म्हणजे नैसर्गिक निवडीचा सिद्धांत, जो चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतंत्रपणे शोधला आणि जो १८५८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांच्या नावे वाचला गेला.

माकडांचा प्रश्न लवकर सुटतो. आज झाडावर दिसणाऱ्या माकडापासून माणूस झाला, असे जीवशास्त्र म्हणतच नाही. चिंपांझी हे आपले सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक आहेत आणि त्यांचा व आपला समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. माकडांशी असलेला समाईक पूर्वज त्याहून कितीतरी जुना आहे. आपण आणि आपली चुलत भावंडे एकाच आजोबांची नातवंडे असतो. मी जन्मलो म्हणून चुलत भाऊ नाहीसा व्हायला हवा होता, असे कोणी म्हणणार नाही.

‘होताना कोणी पाहिलेली नाही’ हा मुद्दा मात्र सविस्तर उत्तर मागतो, कारण तो ऐकायला सर्वांत रास्त वाटतो आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने सर्वांत चुकीचा आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ सालापासून प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर फिंच या लहान पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षी पकडून पायांत कडी घातली, प्रत्येकाच्या चोचीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजली, कोणाची पिल्ले कोणती याची नोंद ठेवली. १९७७ साली बेटावर पाऊस पडला नाही. नेहमीच्या लहान, मऊ बिया काही महिन्यांत संपल्या आणि उरल्या त्या मोठ्या, टणक बिया. त्यांत आपल्या सराट्याच्याच कुळातल्या एका काटेरी वनस्पतीची फळे होती. ज्याच्या पायात कधी सराटा मोडला असेल त्याला ते फळ किती कठीण असते हे सांगावे लागणार नाही. जाड चोचीचा पक्षी ते फोडून आतली बी खाऊ शकत होता. बारीक चोचीच्या पक्ष्याला ते जमत नव्हते, आणि हा फरक जेमतेम मिलिमीटरभराचा होता. मध्यम भूफिंच या प्रजातीचे सुमारे १२०० पक्षी होते, ते सुमारे १८० उरले. वाचलेल्यांच्या चोची सरासरीने जाड होत्या, आणि चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांकडे जात असल्यामुळे पुढच्या पिढीच्या चोचीही आधीच्या पिढीपेक्षा जाड निघाल्या.

नैसर्गिक निवड म्हणजे एवढेच: पक्ष्यापक्ष्यांत फरक असणे, तो फरक वंशागत असणे, आणि त्या फरकामुळे जगण्याच्या व प्रजननाच्या संधीत तफावत पडणे. या तीनही गोष्टी डॅफ्नेवर मोजल्या गेल्या. १९८३ साली अतिवृष्टी झाली, बेटावर लहान बियांचा सुकाळ झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत निवडीची दिशा उलटून लहान चोचींना फायदा मिळू लागला. मला हा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण ‘उत्क्रांती’ या शब्दातला ‘उत्’ वर चढण्याची कल्पना मनात रुजवतो, जणू प्रत्येक बदल सुधारणेकडेच जातो. डॅफ्नेवरच्या चोची पावसाप्रमाणे बदलल्या. त्यांत वर किंवा खाली असे काही नव्हते.

यावर प्रत्युत्तर येते की फिंच शेवटी फिंचच राहिला. त्याच बेटावर १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर आला, त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली, आणि त्याचे वंशज काही पिढ्यांतच फक्त आपापसांत जोड्या जमवू लागले. त्यांचे गाणे आणि चोच इतरांपेक्षा वेगळी होती. एका वेगळ्या वंशाची सुरुवात संशोधकांच्या डोळ्यांदेखत झाली. पक्ष्याचे रूपांतर माशात झालेले दाखवा, ही मागणी जो करतो तो उत्क्रांतीच्या सिद्धांतात कुठेही नसलेली गोष्ट मागतो.

आता मधले दुवे. या बाबतीत मुलांना मी नुसती यादी देत नाही, टिक्टालिक या जीवाश्माची हकिगत सांगतो, कारण तिच्यात विज्ञान कसे चालते ते दिसते. सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मासे सापडत होते आणि सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चार पायांचे प्राणी. मग मधल्या काळातले, उथळ नद्यांच्या गाळापासून बनलेले खडक जिथे उघडे पडले आहेत तिथे शोध घ्यावा, असे जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. असे खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या एल्समिअर बेटावर होते. अनेक मोहिमांनंतर २००४ साली त्यांना हवा तसा प्राणी मिळाला, तोच टिक्टालिक. त्याचे वय सुमारे ३७.५ कोटी वर्षे आहे. अंगावर माशाचे खवले आणि बाजूला पोहण्याचे पर आहेत. पण डोके मगरीसारखे चपटे, मान धडापासून सुटी, आणि परांच्या आत दंडाचे, कोपरापुढचे आणि मनगटासारखे हाड. कोणत्या वयाच्या, कोणत्या जातीच्या खडकात काय सापडेल हे आधी सांगून ते शोधून काढले गेले, आणि इथेच या शोधाचे बळ आहे. टिक्टालिक हाच आपला थेट पूर्वज, असा दावा कोणी करत नाही. याहून जुने पाऊलठसे पोलंडमध्ये सापडल्याचे २०१० साली जाहीर झाले आहे आणि त्यावर चर्चा चालू आहे. पण माशाच्या परापासून हातापर्यंतच्या वाटेवर कसली शरीररचना होती, हे त्याच्या हाडांत उघड दिसते.

दुवे फक्त दगडांतच असतात असेही नाही. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात, माणसाच्या पेशीत २३. पूर्वज समाईक असेल तर एक अख्खी जोडी हरवलेली असू शकत नाही. दोन गुणसूत्रे कुठेतरी एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. गुणसूत्राच्या टोकाला एक विशिष्ट क्रम पुन्हा पुन्हा येतो. तो टोकालाच असायला हवा, पण माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो मध्यभागी, दोन टोके समोरासमोर चिकटावीत तसा सापडला. १९९१ साली हे प्रसिद्ध झाले. हा पुरावा या मजकुराच्या प्रत्येक वाचकाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे.

योगायोगाच्या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे: उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत आपोआप होणारे बदल, गरजेनुसार घडत नाहीत. पण त्यांतली कोणती टिकतात हे योगायोगावर सोडलेले नसते. याचा हिशेब मी फळ्यावर करून दाखवतो. २० फासे एकदम टाकून सर्वांवर सहा आणायचे असतील आणि दर सेकंदाला एक डाव टाकला, तर सरासरी ११ कोटींहून अधिक वर्षे लागतील. मात्र प्रत्येक डावात आलेले सहा बाजूला ठेवून उरलेलेच फासे पुन्हा टाकले, तर सरासरी २० डावांत काम होते. उपमा अपुरी आहे, हे मी लगेच सांगतो, कारण निसर्गापुढे ‘सर्व सहा’ असे कोणतेही उद्दिष्ट नसते. तरीही साठत जाणाऱ्या बदलाचे सामर्थ्य तिच्यातून नेमके कळते.

डोळाही असाच साठत आला. ‘अर्ध्या डोळ्याचा उपयोग काय’ असे विचारले जाते. पण प्लॅनेरिया या चपट्या कृमीला वाटीसारखा डोळा असतो, त्यात भिंग नाही, तरी उजेड कोणत्या बाजूने येतो हे त्याला कळते. नॉटिलसच्या डोळ्याला नुसते बारीक छिद्र असते, त्यातून अंधूक का होईना प्रतिमा पडते. या पायऱ्यांवरचे प्राणी आजही त्याच डोळ्यांवर जगत आहेत. उलट आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या पुढून जातात आणि बाहेर पडताना अंधबिंदू तयार करतात. ऑक्टोपसच्या डोळ्यात ते मागून जातात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही. वारशाने आलेल्या रचनेत थोडाथोडा फेरफार होत गेला असेल तर असेच व्हावे.

राहिला शाळेचा प्रश्न. विषय कठीण आहे, हे मला मान्य आहे, आणि त्यातला काही कठीणपणा आम्ही शिक्षकांनीच वाढवला आहे. ‘प्राणी परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी बदलतात’ हे वाक्य आम्ही सहज बोलून जातो आणि मुलांच्या मनात पाने ओरबाडण्यासाठी मान ताणणारा जिराफ पक्का बसतो. ‘निवड’ म्हटले की निवडणारा कोणीतरी असणार, असेही त्यांना वाटते. म्हणून मी रंगीबेरंगी फुलांचे कापड टेबलावर पसरतो, त्यावर पाच रंगांचे कागदाचे प्रत्येकी २० तुकडे विखुरतो, आणि मुलांना पक्षी होऊन, दिसेल तो तुकडा पटकन उचलायला लावतो. २५ तुकडे उरले की थांबायचे, उरलेल्या प्रत्येकामागे त्याच रंगाचे तीन नवे तुकडे टाकायचे आणि पुन्हा वेचायचे. तिसऱ्या फेरीअखेर कापडात मिसळून जाणारे रंग बहुसंख्य झालेले असतात. मग मी विचारतो की किती तुकड्यांनी आपला रंग बदलला. वर्ग थोडा वेळ गप्प राहतो, आणि कोणीतरी म्हणते, “एकानेही नाही.”

त्यानंतर प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जिवाणूंवर एक वाक्य लिहायला सांगतो. धड्याच्या आधी बहुतेकांनी लिहिलेले असते की जिवाणूंना औषधाची सवय झाली. एका मुलीने ते वाक्य खोडून त्याखाली लिहिले होते: ‘औषधाने जे मरत नव्हते ते आधीपासूनच त्यांच्यात थोडे होते, बाकीचे मेले आणि आता त्यांचीच पिल्ले उरली आहेत.’ जिवाणूंना पिल्ले होत नाहीत, ते दुभंगतात, एवढीच दुरुस्ती मी त्यात केली.