विज्ञानाचा प्रकल्प लोळत कसा करावा

घरात कुणाचा विज्ञानाचा प्रकल्प असेल तर आता ग्रंथालय नको, एसटी नको, ओळखीच्या सरांना फोन तर नकोच. माझ्या भाच्याने परवा कोथरूडला पंख्याखाली पडल्या पडल्या जीएमआरटीवर, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर, चॅटबॉटकडून बावीस पानं काढली. त्यावरून या सूचना.

खोडदला जाऊ नका. २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान प्रदर्शन असतं, दुर्बिणीवर काम करणारी माणसं पोरांना स्वतः समजावून सांगतात, पण ऊन फार.

उत्तर लांबलचक आलं की ते खरं समजा. मधेमधे ठळक अक्षरं असतील तर जास्तच खरं.

पटलं नाही तर दटावा. दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी आणि सोळा तीन बाहूंवर, हे चॅटबॉटने अचूक सांगितलं होतं. मी मुद्दाम म्हटलं, "उलटं आहे ना?" लगेच माफी मागून उलटं केलं. इतकी नम्र सून कुठे मिळेल?

संदर्भ मात्र मागाच. तबकड्या पत्र्याच्या न करता जाळीच्या का केल्या? यंत्र म्हणालं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. म्हणजे खोडदला चहाच्या गाळण्या उभ्या केल्यात! अहो, २१ सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंतच्या रेडिओ लहरी पकडायच्यात तिथे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाणवतही नाहीत, तिच्या लेखी तो सलग आरसाच. वर वारा आरपार जातो, म्हणून ४५ मीटर व्यासाची तबकडी हलक्या सांगाड्यावर तगते आणि पैसाही वाचतो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सगळी करामत या जाळीत आहे, आणि ती पन्हळीतून वाहून गेली! खाली संदर्भ होता. लेखक खरे, नियतकालिक खरं, साल, खंड, पान सगळं टापटीप. फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नाही. मी अख्खी दुपार घालवली. त्या पानावर दुसराच कुणाचा तरी लेख निघाला.

आणि हे काही माझ्याच नशिबी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गूगलच्या बार्ड या चॅटबॉटने स्वतःच्या जाहिरातीत सांगितलं की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा पहिला फोटो जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने काढला. तो २००४ मध्येच चिलीतल्या दुर्बिणीने टिपला होता.

यंत्राचं एक वेळ समजू शकतो. पुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते बोलतं. ज्यावर ढिगाने लिहिलं गेलंय तिथे अंदाज बहुधा बरोबर येतो, आडवाटेला घसरतो, आणि आवाज दोन्हीकडे तोच, ठाम. पण तुम्हाला काय झालंय? ताई म्हणते, "पंचवीसपैकी तेवीस मिळाले ना, मग झालं." काय झालं? पोराने वाचलं नाही, आईने वाचलं नाही, तपासणाऱ्याने तर पान उलटलं असेल की नाही देव जाणे. बावीस पानं, आणि माणसाच्या डोळ्यांखालून एकही गेलेलं नाही! लाज वाटायला हवी सगळ्यांना.

आणि तू रे, हसू नकोस. येत्या २८ फेब्रुवारीला मामाच्या खर्चाने खोडदला यायचं. टोपी घे. त्या जाळीखाली उभा राहा, वर बघ, आणि तिथल्या माणसाला तुझ्या तोंडाने विचार, पाऊस गाळता का म्हणून.