बसायचं का?

बातमीदारीला लागलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला, "साहेब, संध्याकाळी बसायचं का?" मी भाबडेपणानं म्हणालो, "बसू की. सकाळपासून तहसीलमध्ये उभाच आहे."

त्या संध्याकाळी मळ्यात बसण्याचा खरा अर्थ कळला. निमंत्रणात त्याला 'श्रमपरिहार' म्हणतात. श्रम कोणाचे, हे विचारायचं नसतं. डिसेंबरचा गारवा होता, पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी तडतडत होती. एक जण फुंकर मारमारून त्यांची काळी सालं सोलत होता, दुसरा बडगीत मिरच्या-लसूण ठेचत होता. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला विचारलं असतं तर आधीच दिलं असतं. मी आलो होतो भरितासाठी. बाकीचे कशासाठी आले होते ते बाभळीखालच्या बर्फाच्या घमेल्यात होतं.

"घ्या."

"मी घेत नाही."

"उपास आहे?"

"नाही."

"गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

"माळ घातलीय का?"

"नाही हो. नाही घेत, एवढंच."

यजमानाचा चेहरा उतरला. माळकऱ्याचं त्याला चाललं असतं, मधुमेहवाल्याचंही. धडधाकट पत्रकार समोर बसून नुसती कळण्याची भाकरी खातोय, याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता. त्यानं बाजूच्याला हळूच विचारलं, "याच्या सगळं लक्षात राहील का रे?"

राहिलं. रस्त्याच्या ठेक्याबद्दल त्या रात्री कोण काय बोललं, ते सगळं राहिलं. पण दुसऱ्या दिवशी खात्री करायला सोबतच्या तिघांना फोन केले तर तिघंही म्हणाले, "असं कुठं काय झालं?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. बातमी एका साक्षीदारावर राहिली, म्हणजे राहिलीच.

पत्रकारानं कामावर असताना प्यावी की नाही, हा वाद आमच्या तालुक्यात दरवर्षी 6 जानेवारीला, पत्रकार दिनाच्या सत्कारानंतर होतो. जांभेकरांच्या 'दर्पण'ला हार घालून झाला, शाल-श्रीफळ उरकलं की मंडळी याच विषयावर बसतात. बसतात म्हणजे बसतातच. चौथा स्तंभ आणि खंबा यांच्यावरचा विनोदही दरवर्षी होतो आणि दरवर्षी तोच माणूस त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसतो.

आमच्यातले ज्येष्ठ नाना मात्र या वादात पडत नाहीत. ते रोज पितात, पण स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पैशाची, शेव-कांद्याबरोबर. त्यांच्याकडे परवानासुद्धा आहे. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. प्यायची तर सरकारचा परवाना लागतो आणि तो मिळतो 'आरोग्याचे जतन व संवर्धन' या कारणासाठी. म्हणजे कागदोपत्री नाना औषध घेतात. ते म्हणतात, "माझ्या पैशाची असली तर डोक्यात जाते. त्यांच्या पैशाची असली तर बातमीत जाते." नानांची बातमी आठ वाजता जाते आणि तिच्यात एक वेलांटी चुकलेली नसते.

न पिणाऱ्याचा उपयोग एकच: गाडी चालवायला. श्रमपरिहार आटोपला की सगळे माझ्या गाडीत. एकदा रात्री नाकाबंदीत हवालदारानं काच खाली घ्यायला लावली. आतून जो दरवळ आला त्यानं तो दोन पावलं मागे सरकला. कायद्याला 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पुढे गेलं की गुन्हा. मी फुंकलो. शून्य.

"पत्रकार ना तुम्ही?"

"हो."

"अन् शून्य?" त्यानं यंत्र तळहातावर आपटलं. "परत फुंका."

परत शून्य. मग यंत्र बिघडलंय का हे बघायला त्यानं मागच्या सीटवरच्या, वाटेत त्यांच्या टेबलावरून उचललेल्या नानांना फुंकायला लावलं. यंत्र अगदी उत्तम चालत होतं.

तरी मी ताठ मानेनं हिंडत होतो, ते परवाच्या मे महिन्यापर्यंत. एका गावात दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. केवळ आलेल्या मतांत जास्त असून भागत नाही, म्हणून एकेका मताला जीव टांगणीला. पारा चव्वेचाळीसवर, खोलीत पंखा गरम हवा ढवळतोय आणि मोजणी चालू: "आडवी, आडवी, उभी, आडवी, बाद, आडवी, उभी..." दोन तास हे ऐकल्यावर माणसाला न पिताही चढते. आडवी जिंकली. बाया पंचायतीसमोर नाचल्या, गुलाल माझ्याही शर्टावर उडाला. मी पिंपळाखाली बसून मोबाइलवर बातमी टाइप केली आणि पाठवून दिली.

सकाळी सात वाजता दारात रिक्षा थांबली. सात-आठ बाया उतरल्या. पुढच्या म्हातारीच्या हातात पेपर. मथळ्यात उभी बाटली जिंकली होती. आकडे बरोबर होते, फक्त बाटल्यांची अदलाबदल झाली होती.

"काय रे भो, पिईसन लिखी का ही बातमी?" म्हातारी म्हणाली. "आम्ही आडवी पाडी अन् तू उभी करी दिन्ही!"

मी शपथा घेतल्या. बायको आतून आली, तिनंही सांगितलं. कोणी ऐकेना. एकीनं तर माझं तोंड हुंगायला मान पुढे केली. शेवटी नानांना फोन लावला. ते आले, रात्रीचं अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. दाराची चौकट धरून त्यांनी घसा खाकरला आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, हा माणूस पीत नाही. वीस वर्षं ओळखतो. एक थेंब नाही."

वासानं बायांनी पदर नाकाला लावले. म्हातारीनं मात्र पिशवीतून दुसरा पेपर काढला, नानांच्या पेपरातली बातमी. मथळा बरोबर, आकडे बरोबर, आडवी आडवीच. तिनं एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग याले बी पाजत जाय ना," ती म्हणाली. "तुन्ही बातमी ते बरोबर व्हती!"