चिकन्या कागदाला भाव नाही

रविवारी मी झोपेत असताना बायकोनं माळ्यावरची माझी सगळी इंग्रजी मासिकं रद्दीत घातली. 4 किलो, 32 रुपये. दुपारी तणतणत दुकान गाठलं, तर कळलं की वर्तमानपत्राला 14 चा भाव आहे आणि माझ्या मासिकांना 8 चा. रद्दीवाले चाचा कागद चोळून दाखवत म्हणाले, "सर, चिकना कागज है. इसमें भेल भी नई बांधते."

मला हवा होता एकच अंक. कॉलेजात असताना औरंगपुऱ्याच्या फुटपाथवर घेतलेला, ब्लॅक सबाथ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या मुलाखतीचा. तेव्हा आमच्या बीडात गिटारची तार तुटली की एसटीनं औरंगाबाद गाठावं लागे. एकदा मी स्कूटरच्या क्लचवायरचा एक धागा सोडवून चढवला. आवाजही क्लचचाच आला. आयोमीला पातळ तारा मिळेनात म्हणून त्यानं बॅन्जोच्या चढवल्या होत्या. हे वाचल्यापासून मी त्याला घरचाच धरून चाललो होतो.

अंक सापडला. काट्याशेजारी उकिडवा बसून वाचायला लागलो. बाजूला एक मामा कडबाकुट्टीचं चाक भंगारात घालायला आलेले.

"काय वाचायलाव सर, एवढं?"

सांगायलाच नको होतं. पण सांगितलं. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय 17, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता जात नाही. आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला, आणि मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली.

"उजव्या ना? मग काय घोर? आर्केस्ट्रात बघितलंय मी, तारा डाव्या हातानंच दाबत्यात."

"तो डावखुरा आहे, मामा."

"घ्या!" मामांनी कपाळाला हात लावला. "अन् भरपाई?"

त्याचं मुलाखतीत काही नव्हतं. मुकादम मात्र घरी भेटायला आला होता, जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन. हा जँगोही गिटारवालाच, हात आगीत भाजलेला, दोन बोटांवर वाजवायचा.

"मुकादम घरी आला? गाणं घिऊन?" मामा इतके हसले की चाचांनी काट्यावरून मान वर केली. "आमचा येतोय उचलीचा हिशोब घिऊन! ह्याच चाकानं धाकट्याची दोन बोटं नेली. आता ऊसतोडीच्या टोळीत कुणी घेईना. कोयता कशानं धरावा?"

"सरकारी मदत?"

"तिथं आख्खा हात जावा लागतो, न्हाईतर पाय. पेराला कोण पुसतंय."

यावर काय बोलणार? माझा 8 रुपये किलोचा अपमान एकदम मागे पडला आणि खरं सांगतो, त्याचं मला थोडं वाईटच वाटलं. मी घरून भांडायला आलो होतो.

"मग वाजवलं कशानं त्यानं?" मामा सोडेनात.

"भांडी घासायच्या साबणाची बाटली वितळवली. त्याची बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा सैल केल्या. त्यातूनच तो जड आवाज आला."

"बाटली?" मामा विचारात पडले. "आमच्यात वडी असती."

मी अंक चाचांपुढे धरला. म्हणाले, 50 रुपये. आख्खा गठ्ठा 32 ला घेतलेला! किलोवर द्या म्हटलं तर म्हणाले, "किलो पे लेनेका तो पूरा लो." तोवर आपल्या गिऱ्हाइकाला 'पुराना माल है' हे त्यांनी दोनदा ऐकवलं होतं. गिऱ्हाईक मीच.

मी पाकीट काढेपर्यंत मामांनी अंक उचलला, आयोमीच्या हाताचा फोटो शोधला, पान टर्रकन ओढलं आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. "धाकट्याला दावतो. तुमचं तर वाचून झालंय."

नव्हतं झालं. मुलाखतीचा शेवट त्याच पानाच्या मागच्या बाजूला होता. 50 मधले 5 तरी कमी करा म्हटलं, तर चाचांनी पुन्हा कागद चोळून दाखवला.