सहा थाऊंचा प्रश्न

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सल्ल्याची ददात कधीच नसते. माझी 1930 सालची फोर्ड मॉडेल ए वेग घेताना मिसिंग करू लागली आणि सायलेन्सरमधून अधूनमधून फटाके वाजू लागले, तेव्हा शेजारच्या काकांनी कार्बोरेटरवर ठपका ठेवला, मेहुण्यांनी पेट्रोलवर, आणि ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडले नव्हते अशा एका स्नेह्यांनी गाडीच विकून टाकण्याचे अत्यंत सद्भावनेने सुचवले. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे नाव मात्र कोणाच्याही तोंडी नव्हते. सिलिंडर हेडवर मध्यभागी ऐटीत उभा असलेला हा भाग दिसायला इतका प्रतिष्ठित आहे की त्याच्यावर संशय घेणे कोणालाच प्रशस्त वाटत नसावे.

मी त्याची टोपी काढली, रोटर उतरवला आणि शाफ्टचा शेंडा चिमटीत धरून हलवून पाहिला. टक्. डायल गेज लावले, तर हालचाल 6 थाऊ निघाली, म्हणजे इंचाचे 6 हजारांश. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर साधारण 0.15. मोठ्या गांभीर्याने हा आकडा घरात जाहीर केल्यावर "एवढंच?" हा एकच प्रश्न आला.

एवढेच, हे खरे. पण पॉइंट, म्हणजे ज्यांच्या उघडण्याने ठिणगी पडते ते विजेचे संपर्क, यांच्यातली फट 18 ते 22 थाऊंच्या दरम्यान ठेवायची असते, म्हणजे एकूण सवलतच 4 थाऊंची, आणि माझा शाफ्ट एकटाच 6 थाऊ डुलत होता. हे पॉइंट उघडणाऱ्या, शाफ्टवरच्या कॅमला चार सिलिंडरसाठी चार उंचवटे असतात. इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेते तेव्हा डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो आणि पॉइंट सेकंदाला 60 वेळा उघडतात. त्यातल्या प्रत्येक वेळी कोणत्या अंगाला झुकायचे हे शाफ्ट स्वतःच्या मर्जीने ठरवू लागला, की एक ठिणगी लवकर पडते, दुसरी उशिरा, आणि चारही सिलिंडर भजनाच्या तालमीला प्रथमच आलेल्या टाळकऱ्यांप्रमाणे आपापल्या सोयीने ठेका धरतात. अशा अवस्थेत फीलर गेजच्या मापाच्या पात्याने फट लावणे हे निव्वळ मनोरंजन होय, कारण पाते आत सरकवले की शाफ्ट विनयाने मागे सरतो आणि पाते काढले की निर्लज्जपणे जागेवर येतो.

दोष शाफ्टचा नव्हता, त्याला आधार देणाऱ्या ब्राँझच्या बुशांचा, म्हणजे तो ज्यांत फिरतो त्या नळकांड्यांचा होता. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला तेल सोडण्यासाठी एक छोटी कुपी असते. तिच्या झाकणाखाली वाळलेली माती मिळाली, तेलाचा मात्र मागमूस नव्हता. नव्वदीपार गेलेल्या गाडीच्या कोणकोणत्या मालकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, याचा तपास आता लागणे नाही. बुश काढायला गेल्यावर त्यांचा खरा स्वभाव कळला. ज्यांनी शाफ्टला धरून ठेवण्याचे कर्तव्य केव्हाच सोडून दिले होते, त्यांनीच बाहेरून बॉडीला अशी मिठी मारली होती की सुटता सुटेना. बॉडी बिडाची असल्यामुळे जोर जास्त झाला तर तडा जाण्याची धास्ती, त्यामुळे संताप अनावर झालेला असतानाही हातोडी अजिजीनेच चालवावी लागते.

नवे बुश रात्रभर तेलात बुडवून ठेवले, व्हाइसमध्ये सावकाश दाबून बसवले, आणि आता शाफ्ट आत जाईना. दाबून बसवताना बुश आतून किंचित आवळले जाते, हे ठाऊक असूनही त्या क्षणी मनाला लागतेच. मग भोक किंचित मोठे करणारा धारदार रीमर फिरवायचा, चुरा पुसायचा, शाफ्ट घालून पाहायचा, तो अडला की पुन्हा रीमर. मोकळीक एका थाऊच्या आसपास हवी; कमी राहिली तर तापल्यावर शाफ्ट जॅम होतो, जास्त झाली तर आधीचा बुशच काय वाईट होता? अखेर तेलाचा हात लावलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने संथपणे खाली उतरला, आणि बाजूला ढकलल्यावर टक् झाले नाही. हा सोहळा पाहण्यासाठी मी सर्वांना हाक मारली. कोणी आले नाही.

टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायला मात्र दुसरा माणूस लागतोच. टायमिंग गिअरच्या कव्हरवरची पिन काढून उलटी घालायची आणि दाबून धरायची. इंजिन हँडलने हळूहळू फिरवले की कॅमशाफ्टच्या गिअरवरच्या खळग्यात ती उतरते. हँडलवर चिरंजीव होते.

"बाबा, लागली?"

"थांब, थांब... गेली."

कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरत असल्याने खळगा हुकला की हँडलचे दोन पूर्ण फेरे, हे गणित चिरंजिवांना शाळेतल्या कोणत्याही गणितापेक्षा लवकर उमगले. पुढे स्टिअरिंगजवळचा, ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा स्पार्कचा दांडा पूर्ण वर करून, पहिल्या सिलिंडरचे पॉइंट उघडण्याच्या बेतात असताना कॅमचा स्क्रू आवळायचा असतो. आवळताना कॅम स्क्रूबरोबर केसभर फिरतो. म्हणून तो आधीच केसभर मागे ठेवावा, तर नेमका त्या वेळी हलत नाही.

गाडी आता सलग, एका दमात धावते. दांडा खाली ओढला की इंजिनाचा सूर बदललेला स्पष्ट कळतो. काका आणि मेहुणे मुद्दाम पाहायला आले. दुरुस्ती दाखवायची तर टोपी काढावी लागते आणि त्यासाठी इंजिन बंद करावे लागते, म्हणजे दाखवण्यासारखे काही उरत नाही. काकांनी बराच वेळ आत डोकावून पाहिले, कार्बोरेटर पूर्वीपेक्षा बरा दिसतो असा अभिप्राय दिला, आणि मग दोघांनीही हॉर्न वाजवून पाहण्याची परवानगी मागितली.